पोटाला विचारून सांगतो

खान्देशातल्या वरण-बट्टीच्या पंगतीत ‘पोट भरलं’ या वाक्याला कसलीही कायदेशीर किंमत नाही. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, कुठल्याही मांडवात ते उच्चारून पाहावे. वाढपी ते शांतपणे ऐकतो, मान डोलावतो आणि पानात आणखी एक बट्टी कुस्करतो. ‘भाऊ, पोट भरलं.’ ‘भरू द्या, ही शेवटची.’ ‘अहो, खरंच नको.’ ‘बरं, बट्टी नको. वरण तर घ्याल?’ वरण घेतले की ते कशाशी खाणार म्हणून बट्टी येते, बट्टी कोरडी दिसते म्हणून तूप येते, आणि तूप पानात राहिले तर यजमानाचा जीव तुटतो म्हणून पुन्हा बट्टी. ज्याचे पोट आहे त्याला त्या पोटाविषयी साक्ष देता येत नाही, कारण तो हितसंबंधी पक्षकार ठरतो. निकाल यजमान देतो. जेवणारा जावई असेल तर अपिलाचीही सोय नाही. आता लठ्ठपणाची चर्चा निघाली की आपण तेल, साखर, मैदा आणि न चाललेली पावले यांची नावे घेतो, आणि ती घ्यायलाच हवीत. पण त्यांच्याही आधी एक प्रश्न येतो: आपल्याला भूक लागली आहे, हे आपल्याला नेमके कोण सांगते? घड्याळ सांगते, ताट सांगते, शेजारच्या घरातली फोडणी सांगते, व्याही सांगतात, ‘यावर ते फुकट’ असे लिहिलेला फलक सांगतो. पोटही काहीतरी सांगत असते, पण त्याचा नंबर येईपर्यंत बडीशेप आलेली असते. लठ्ठपणा आटोक्यात ठेवायचा तर या सल्लागार मंडळाची फेररचना करावी आणि पोटाला निदान सदस्यत्व द्यावे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. लेखकाच्या पट्ट्याला अलीकडे नवी भोके पाडावी लागली आहेत, तीही काठाच्या बाजूला. तेव्हा हे म्हणणे तटस्थ आहे, असा दावा कोणी करू नये.

पोटाची भाषा आपल्याला कधी येतच नव्हती, असे नाही. २००० साली बार्बरा रोल्स आणि लिअॅन बर्च या अमेरिकी संशोधकांनी सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलांपुढे चीज घातलेली मॅकरोनी ठेवायची, कधी थोडी, कधी मध्यम, कधी भरपूर, आणि कोण किती खाते ते मोजायचे. तीन वर्षांची मुले वाढणी कितीही असली तरी पोटापुरतेच खात राहिली. पाच वर्षांची मुले मात्र जास्त वाढले की जास्त खाऊ लागली. याचा अर्थ तीन ते पाच या दोन वर्षांत माणसाचे शिक्षण पूर्ण होते. आपल्याकडे हा अभ्यासक्रम याहून लवकर सुरू होतो आणि शिकवणारेही अधिक निष्ठावान असतात. मूल तोंड फिरवते, ओठ मिटते, आईचा हात ढकलते. पोट भरल्याचे याहून स्वच्छ निवेदन जगातल्या कुठल्याही भाषेत करता येणार नाही. त्यावर घरातून काऊचा घास येतो, मग चिऊचा, मग हम्माचा, आणि पक्षी-प्राणी संपले की गावाला गेलेल्या मामाचा. मामा त्या वेळी नंदुरबारच्या बसस्थानकावर स्वतःची भजी स्वतः खात असतो, पण त्याचा हिस्सा इकडे भाच्याच्या पोटात जमा होतो. ‘पोट भरलं म्हणतोय तो.’ ‘त्याला काय कळतंय!’ वास्तविक त्या घरात तेवढे एकट्यालाच कळत असते. पुढे ताट चाटूनपुसून स्वच्छ केले की शाबासकी, पडला तर चॉकलेट, रडला तर बिस्कीट, पहिला आला तर पेढा. अशा रीतीने जन्मतः तज्ज्ञ असलेला माणूस पूर्ण अडाणी होऊन पहिलीत दाखल होतो आणि तिथे आपण त्याला अक्षरओळख शिकवतो.

मोठेपणी हा अडाणीपणा किती पक्का झालेला असतो, हे तपासायला कोलंबिया विद्यापीठातल्या स्टॅन्ली शॅक्टर यांनी १९६८ मध्ये एक लबाड घड्याळ वापरले. खरी वेळ एकच, पण खोलीतले घड्याळ काहींना पाच वाजून वीस मिनिटे दाखवी, काहींना सहा वाजून पाच. समोर खारी बिस्किटे. सहा वाजलेले पाहून लठ्ठ मंडळींनी जवळजवळ दुप्पट बिस्किटे खाल्ली. सडपातळ मंडळींनी उलट हात आखडता घेतला. आता जेवायचीच वेळ झाली, उगाच भूक कशाला मारा, असा त्यांचा विचार. यावरून लठ्ठ माणूस बाहेरच्या खुणांवर खातो आणि सडपातळ माणूस आतल्या, असा सिद्धान्त निघाला व काही वर्षे तो सडपातळांनी आनंदाने सांगितला. पण नीट पाहिले तर सडपातळांनी तरी पोटाला कुठे विचारले? त्यांनीही घड्याळच पाहिले, फक्त हिशेब वेगळा केला. पुढे शॅक्टर यांच्याच विद्यार्थिनी ज्युडिथ रोडिन यांनी १९८१ मध्ये हा सिद्धान्त मोडीत काढला: बाहेरच्या खुणांना बळी पडणारे सगळ्या वजनांत सापडतात. तेव्हा शेजाऱ्याच्या पोटाकडे पाहून कोणी हसू नये. आपल्या कचेऱ्यांत तर लबाड घड्याळाची गरजच नाही, साधे चालते. अकरा वाजले की चहा, चहा आला की बिस्कीट, चार वाजले की खमण. गुजरातची हद्द इतकी जवळ आहे की नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. मग खमण तरी इकडेच किंवा तिकडेच कसे राहणार? ‘साहेब, भूक लागली का?’ ‘चार वाजले ना!’ हा संवाद कोणाला विचित्र वाटत नाही, हेच त्यातले विचित्र आहे.

यावर शिस्तप्रिय मंडळींचा आक्षेप ठरलेला असतो. वेळच्या वेळी जेवावे असे मोठ्यांनी सांगितले आहे. प्रत्येक जण पोटाला विचारत बसला तर घरातली बाई दिवसभर तवा तापवत बसेल. दुसरा मुद्दा बिनतोड आहे, विशेषतः तवा नेहमी तिनेच का तापवायचा हे कोणी विचारत नाही तोवर. पहिल्या मुद्द्याला मात्र थोडे शरीरशास्त्र लागते. १९१२ मध्ये हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांच्या प्रयोगशाळेत वॉशबर्न नावाच्या सहकाऱ्याने रबराचा फुगा गिळला. फुग्याची नळी तोंडातून बाहेर, पोटाच्या आकुंचनाची रेघ कागदावर, आणि भुकेची कळ आली की वॉशबर्न यांनी खूण करायची. कळ आणि आकुंचन जुळले, तेव्हा भूक म्हणजे पोटाची कुरकुर असे ठरले. विज्ञानासाठी माणसे काय काय गिळतात! आपण व्याह्यांसाठी गिळतो, तेवढाच फरक. पुढे जठर काढून टाकलेल्या रुग्णांनाही भूक लागते असे दिसले आणि फुग्यातली हवा गेली. १९९४ मध्ये लेप्टिन सापडले, ते शरीरातल्या चरबीची खबर मेंदूला देते. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना घ्रेलिन सापडले, ते मुख्यतः जठरातून निघते आणि भूक चेतवते. हे घ्रेलिन आपल्या रोजच्या जेवणाच्या वेळा पाठ करते आणि त्या वेळेच्या थोडे आधी वर चढते. म्हणजे चारच्या खमणाची भूक खोटी नसते, ती आपणच लावलेली असते. त्याहून उपयोगाची गोष्ट अशी की उपाशी ठेवलेल्या माणसांतही जेवणाची वेळ टळली की हे घ्रेलिन, काही न खाता, पुन्हा खाली येते. सवयीची भूक दार वाजवते, उघडले नाही तर निघून जाते. खरी भूक पुन्हा येते आणि या वेळी दार मोडते. वेळेची शिस्त आणि पोटाचे मत यांत भांडण नाही. जेवणाची वेळ घड्याळाने जरूर ठरवावी, पण पानात किती वाढायचे याचा ठेका त्याला का द्यावा?

महाराष्ट्राने हा विषय गंभीरपणे घेतलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. २०१८ च्या सुमारास तर राज्य दीक्षित आणि दिवेकर या दोन पक्षांत विभागले गेले होते. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की तुम्हाला दिवसातून कोणत्या दोन वेळा कडकडून भूक लागते ते ओळखा, त्या दोन वेळीच जेवा आणि जेवण पंचावन्न मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या की दर दोन तासांनी थोडे थोडे खा. कोणाचे बरोबर, याचा निकाल इथे लावायचा नाही. तो लावू पाहणाऱ्या अनेकांची सोयरीक तुटता तुटता राहिली आहे. पाहण्यासारखे हे की जनतेने या दोन्ही पद्धतींतून काय उचलले. दीक्षितांचे ‘पंचावन्न मिनिटे’ घरोघरी पाठ झाले आणि ‘कडकडून भूक’ वाटेत गळाली. दिवेकरांचे ‘दर दोन तासांनी’ राहिले आणि ‘थोडे’ गळाले. परिणामी पंचावन्न मिनिटांत जास्तीत जास्त किती मावते याच्या स्पर्धा सुरू झाल्या. ‘अहो, चोपन्नावं मिनिट चालू आहे, श्रीखंड आणा लवकर!’ ज्या घरात सासरे दीक्षित आणि सून दिवेकर, तिथे सासूबाई दोघांनाही साथ देत होत्या, आणि वजन त्यांचेच वाढत होते. आकडे पाळायला सोपे असतात, कारण ते पोटाबाहेर राहतात. ‘कडकडून’ हे मोजायला कुठलेही यंत्र मिळत नाही, त्यासाठी आत डोकावावे लागते, आणि ते काम आपण फार दिवसांपूर्वी बंद केलेले आहे.

आपल्या परंपरेने आत डोकावायला सांगितले नव्हते काय? भरपूर सांगितले होते. वाग्भटाने पोटाचे चार भाग करून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्याला दिला. आपण चौथा भाग गुलाबजामाला भाड्याने दिला. आधीचे अन्न पचले हे ओळखण्याची लक्षणे आयुर्वेदात दिली आहेत: ढेकर शुद्ध येणे, अंग हलके वाटणे, उत्साह, आणि मग भूक व तहान. वैद्यांच्या लेखी ढेकर ही मागचे जेवण पचल्याची पावती होती. आपण तिला चालू जेवणाला दिलेली दाद मानतो आणि ती ऐकून यजमान खूश होऊन आणखी वाढतो. उपवासाची तर सोयच भुकेशी गाठ घालून देण्यासाठी असावी. पण एकादशी आणि दुप्पट खाशी यांचे लग्न लागून जमाना झाला. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शिंगाड्याचा शिरा, राजगिऱ्याचा लाडू आणि वर केळी, इतका बंदोबस्त केल्यावर भुकेची हिंमत आहे का जवळ फिरकायची? एक म्हण मात्र अजून कामाची आहे. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, या म्हणीत फुकटातली तपासणी दडलेली आहे. संध्याकाळी काहीतरी खावेसे वाटले की स्वतःला विचारावे: दादर ज्वारीची शिळी भाकरी आणि मिरचीचा ठेचा चालेल का? चालेल म्हटले तर भूक आहे, बसा जेवायला. ‘भाकरी नको, भजी असतील तर बघू’ असे उत्तर आले, तर जिभेने पोटाच्या नावाने खोटी सही केली आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नंदुरबारमध्ये बसून लठ्ठपणावर लिहिता? ज्या जिल्ह्याचे नाव राज्याला कुपोषणामुळे ठाऊक आहे, जिथे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी भरले, तिथे भुकेच्या खुणा ओळखायला शिका म्हणता? धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर भूक ओळखायला कोणाच्या शिकवणीची गरज नाही. तिथे कमतरता आहे ती अन्नाची, पैशाची आणि रस्त्याची. हे पूर्ण मान्य. शिकवणी हवी आहे ती सपाटीवरच्या आपल्यासारख्यांना, ज्यांची भूक अन्नाच्या आधी कधी पोहोचतच नाही. त्याच सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर चार स्त्रियांमागे आणि दर चार पुरुषांमागे जवळजवळ एकाचे वजन जास्त भरले होते, तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच नकाशावर नांदत आहेत. पण गंमत पाहा. या जिल्ह्यात भूक शास्त्रशुद्ध रीतीने तपासली जाते ती फक्त एकाची, तीव्र कुपोषित बालकाची. त्या तपासणीचे नावच भूक चाचणी. मुलाला शांत जागी आईजवळ बसवायचे, पोषक आहार आईने हळूहळू द्यायचा, पाणी द्यायचे, आणि जबरदस्ती अजिबात करायची नाही. ठरलेल्या प्रमाणात खाल्ले तर गावातच उपचार. खाल्ले नाही तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायचे, कारण भूक मेलेली असणे हे आजार आत शिरल्याचे लक्षण. शांत जागा, सावकाश घास, सोबत पाणी, जबरदस्ती नाही: शरीराचे खरे उत्तर हवे असेल तर प्रश्न कसा विचारायचा, हे अंगणवाडीताईंना आणि आरोग्यसेविकांना ठाऊक आहे. मांडवात मात्र बँड वाजत असतो, पाठीमागे पुढच्या पंगतीचे लोक खुर्चीच्या पाठीला धरून उभे असतात, आणि जबरदस्ती हाच पाहुणचार असतो. भूक चाचणीचे तिथे काय व्हायचे?

काही जण म्हणतील, आम्ही कुठे लठ्ठ आहोत, आमचे हातपाय पाहा. हातपाय पाहूच नयेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंची-वजनाच्या हिशेबाने निघणारा दोघांचा बीएमआय एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बाहेरून सडपातळ आणि आतून साठेबाज ही आपली राष्ट्रीय प्रकृती आहे, आणि कमी वजनाने जन्मलेल्या बाळातही ती दिसते, हे याज्ञिकांच्या पुण्यातल्या कामातून पुढे आले. तेव्हा सदऱ्याच्या घेरावर विसंबू नका.

मग अन्न टाकायचे का, असा प्रश्न कोणीतरी आजी विचारणारच, आणि आजीला उलट उत्तर देणे अवघड. अन्न टाकू नये, शंभर टक्के खरे. पण ते वाया जाण्याची सुरुवात खाणाऱ्याकडे होत नाही, वाढणाऱ्याकडे होते. नको असलेली बट्टी पानात राहिली काय आणि कमरेवर गेली काय, ती वायाच गेली. खान्देशात प्रश्न आणखी बिकट होतो, कारण खापरावरची पुरणपोळी ताटाच्या काठाबाहेर लोंबते. ‘मी एकच खाल्ली’ ही साक्ष इथे पुराव्यात धरता येत नाही. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तिच्या सोबत आमरसही असतो, म्हणजे दोन साक्षीदार फितूर. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची जत्रा भरते, आणि तिथे लाखांच्या घोड्यापुढे चारा ठेवून मालक गप्प उभा राहतो. घोड्याने तोंड फिरवले की चारा काढून घेतात. ‘एवढा घास आमच्यासाठी’ असे त्याला कोणी म्हणत नाही. जनावराची किंमत माणसाला कळते. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभलीत दिले गेले, तेही याच जिल्ह्यात. बोटांचे ठसे जुळले, डोळ्यांची बुबुळे जुळली. पोटाची ओळख पटवण्याचे तेवढे राहून गेले.

आणि भूक ओळखल्याने वजन उतरते का? थोडे उतरते, चमत्कार होत नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो इथे केरी बूटेल यांच्या गटाने लठ्ठ प्रौढांना भुकेला आकडा द्यायला आणि समोरच्या पदार्थाच्या मोहाकडे बसून नुसते पाहायला शिकवले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत वजन घटले, पण डोळे दिपावेत इतके नाही. कारखान्यात घडवलेल्या खाण्यापुढे तर पोटाचे मत फारच कमी पडते. अमेरिकी संशोधक केव्हिन हॉल यांच्या २०१९ च्या प्रयोगात असे अतिप्रक्रिया केलेले अन्न हवे तितके खायला दिल्यावर माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली, आणि पोटाने काही फारशी हरकत घेतली नाही. झोप, आनुवंशिकता, औषधे यांचाही वाटा असतो. म्हणून जाड माणसाला ‘तुला भूकच ओळखता येत नाही’ असे सुनावणे हा नवा आगाऊपणा ठरेल. जुन्या आगाऊपणाची कोठारे अजून भरलेली आहेत. करण्यासारखे आहे ते किरकोळ. वाढताना निम्मे वाढा, पुन्हा मागायची मुभा ठेवा. पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तेवढी जेवणाला द्या आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. यजमानांनी एकदा विचारावे, आणि पाहुण्याचे ‘नको’ खरे मानण्याचा धोका एकदा पत्करून पाहावा. त्याने सोयरीक मोडल्याचे ऐकिवात नाही. फक्त मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी जेवणाची वेळ पुढे ढकलण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. त्यांच्या रक्तातली साखर भूक खरी की खोटी याचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही.